बिल्ल्यावरची शिडी

आमच्या गल्लीत माझ्या सासऱ्यांना नावानं कोणी ओळखत नाही. लहानथोर सगळे त्यांना जपूनकाका म्हणतात. कोणी त्यांच्या ड्रमदुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढलं की ‘जपून’, ड्रम उचलला की ‘जपून’, नुसतं शिंकलं तरी ‘जपून’. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशी ते माझ्याशी एकच शब्द बोलले. तो कोणता, हे वेगळं सांगायला नको. मी तेव्हा खुर्चीत बसून चहा पीत होते.

माणसानं भित्रं असावं तरी किती! गॅसचं बटण तीनदा बघणार. कुलूप ओढून बघणार, दहा पावलं जाणार आणि परत येऊन पुन्हा ओढणार. फोन वाजला की आधी चेहरा उतरणार, मग हात पुढे होणार. गणवेशातला माणूस दारात दिसला, मग तो टपाल वाटणारा का असेना, की यांना आतल्या खोलीतलं काहीतरी काम आठवणार. आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तर कधी म्हणजे कधी बघणार नाहीत. नजर ड्रमवर. बोलणंही ड्रमशीच चाललंय असं वाटावं. एकदा माझ्या नवऱ्यानं गंमत म्हणून टोपी घातली, शेजाऱ्याचा ड्रम काखेत मारला आणि दुकानात जाऊन उभा राहिला. सख्ख्या मुलाला यांनी ‘शनिवारी या’ म्हणून वाटेला लावलं. आम्ही हसून हसून लोळलो. तेव्हा ते नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं होतं.

दुकान म्हणजे आमच्याच घराची रस्त्याकडची खोली. छताच्या आकड्यांना ड्रम टांगलेले, खिडकीखाली लांब टेबल, आणि सरसाचा असा वास, की माझ्या कपड्यांतून तो आता मरेपर्यंत जाणार नाही. नवरा बस चालवतो. दिवसभर हॉर्न ऐकून आल्यावर त्याला ड्रमकडे बघवतही नाही. मी जिथे टायपिंग करत होते ते ऑफिस बंद पडलं आणि घरात बसून भिंती बघायचा कंटाळा आला, म्हणून सासऱ्यांच्या हाताखाली शिकायला लागले. पडदा ताणायला शिकले, वाकलेली कडी सरळ करायला शिकले. एवढ्या भित्र्या माणसाचे हात कामात मात्र जराही कापत नाहीत, हे तेव्हाच पाहिलं.

फक्त एका कामाला ते हात लावत नसत. जुन्या ड्रमच्या अंगावर बनवणाऱ्याचा पितळी बिल्ला असतो. त्याच्या मधोमध एक भोक असतं आणि ड्रम वाजला की आतली हवा तिथून बाहेर पडते. वर्षानुवर्षांच्या हवेनं, घामानं, बोटांनी ते पितळ काळवंडतं. त्या काळपट थराला बाबा, म्हणजे माझे सासरे, साय म्हणतात. आणि साय काढायची नाही, हा त्यांचा नियम. टेबलामागं पाटीच लावलेली: ‘बिल्ला घासून मिळणार नाही.’ गिऱ्हाइकं हुज्जत घालायची. बाबा ड्रमकडे बघत सांगायचे, ‘घासलं की अक्षरांतला काळा रंग जातो, कडा बोथट होतात. पेस्ट कोपऱ्यांत पांढरी होऊन बसते ती कायमची. गेलेलं परत आणता येत नाही.’

‘बाबा, बिल्ला त्यांचा, हौस त्यांची, तुमचं काय जातं?’ मी विचारायची.

‘तुला नाही कळायचं ग,’ एवढंच म्हणायचे आणि पडद्याचे बोल्ट आवळायला लागायचे. मला राग यायचा. हा कसला हट्टीपणा, असं वाटायचं. त्या नियमाच्या मुळाशीही भीतीच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका सोमवारी सकाळी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, औषधाच्या दुकानात कामाला. अंगावर पांढरा कोट तसाच होता. त्यांनी पिशवीतून एक तांबडा ड्रम काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘याचा बिल्ला घासून द्या.’

मी पाटीकडे बोट केलं.

‘वाचली. तरी द्या,’ त्या म्हणाल्या. मग उभ्याउभ्याच सांगायला लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता, ड्रम घेऊन. ‘मीच म्हटलं त्याला, हे बडवणं बंद कर, नाहीतर चालता हो. त्यानं दुसरं निवडलं.’ भावानं ड्रम विकत घेतला त्या दिवशी या ताईंनी कंपासच्या टोकानं त्याच्या बिल्ल्यावर एक छोटी शिडी कोरली होती. बँडमधल्या मुलांचे ड्रम सगळे सारखे, अदलाबदल नको म्हणून.

‘शिडीच का?’ मी विचारलं.

‘मला दुसरं काही काढताच येत नाही,’ त्या म्हणाल्या आणि जराशा हसल्या. ‘तेव्हापासून मोडीच्या दुकानांतून ड्रमचे बिल्ले बघत फिरते. लोक मला वेडी समजतात. हा परवा सापडला. रंग तोच, माप तेच. पण बिल्ला इतका काळा झालाय, की खाली काय आहे दिसत नाही.’

‘आणि शिडी निघाली तर?’

त्यांनी ड्रमवरचा हात काढून घेतला. ‘निघाली तर तो गेला, असं समजायचं. उपाशी मेला असता, पण ड्रम विकला नसता त्यानं. म्हणून ती निघू नये असंच वाटतंय मला. पण बघितल्याशिवाय चैन नाही.’

मी बाबांकडे पाहिलं. ते बिल्ल्याकडे बघत होते आणि टेबलावर ठेवलेला त्यांचा उजवा हात थरथरत होता. कामाच्या टेबलावर तो हात थरथरताना मी पहिल्यांदाच बघत होते.

‘शनिवारी या,’ ते म्हणाले. आवाज इतका खोल गेला होता, की ताईंना मलाच सांगावं लागलं, शनिवारी म्हणताहेत.

मंगळवारी बाबांनी ड्रमचा खालचा पडदा उतरवला, बॅटरी घेऊन आत बघितलं, आणि कोणीतरी बघेल अशा घाईनं तो परत चढवला. जेवताना ताटावर नुसते बसून राहिले. बुधवारी दुकानाचं दार दोनदा आतून लावून घेतलं, भर दुपारी. संध्याकाळी माझा नवरा बूट काढत होता, तर त्याला विचारलं, ‘पोलीस किती वर्षांनी येऊ शकतात रे? वीस वर्षांनीही येतात?’

‘तुम्ही काय केलंत, बँक लुटलीत?’ नवरा हसत म्हणाला.

बाबा हसले नाहीत. उठून गॅसचं बटण बघायला गेले. मलाही हसू आलं नाही. घरात काहीतरी आहे आणि ते काय आहे ते आपल्याला माहीत नाही, याची भीती फार वाईट. नळ ठिबकला तरी दचकायला होतं.

माझा स्वभाव असा, की भीती वाटली की मला आधी राग येतो. गुरुवारी बाबा डॉक्टरकडे रक्तदाब दाखवायला गेले. ड्रम टेबलावर तसाच. म्हटलं, एक बाई डोळ्यांत प्राण आणून वाट बघतेय आणि हे नियम धरून बसलेत. जुन्या फडताळात तळाशी पॉलिशच्या पेस्टचा एक डबा होता, झाकण गंजून बसलेला. तो स्क्रू-ड्रायव्हरनं उघडला. मऊ कापडाच्या टोकावर जरा पेस्ट घेतली आणि बिल्ल्याच्या कडेला, नखाएवढ्या जागेत, घासायला सुरुवात केली. काळा थर कापडावर उतरला आणि खालून पिवळंजर्द पितळ डोळे दिपतील असं चमकलं.

‘थांब!’

बाबा दारात उभे होते. या घरात इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. कापड हातातून पडलं.

‘ताईंना कळायला हवं बाबा,’ मी कशीबशी म्हणाले. ‘शिडी आहे की नाही, एवढंच तर—’

‘नाही तिथे शिडी.’ ते टेबलाला धरून खाली बसले. ‘कितीही घास, निघणार नाही. मीच घालवलीय ती.’

मग त्यांनी फळीवरून कामाच्या जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक ड्रमचं काय बिघडलं होतं आणि काय केलं, ते ते लिहून ठेवतात आणि ड्रमच्या आत पेन्सिलीनं तोच नंबर घालतात. एक वही काढून पान माझ्यापुढं सरकवलं. तारीख बघितली. ताईंचा भाऊ घरातून गेला त्यानंतर आठ महिन्यांची होती. नावाच्या जागी नुसती रेघ. पुढं बाबांच्या स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं: ‘तांबडा ड्रम. बिल्ला आरशासारखा करणे. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून बिल्ल्यावरची शिडी पूर्ण घालवली.’

‘तेव्हा मी घासत होतो,’ बाबा म्हणाले. ‘माझ्याइतकं चकचकीत कोणी करत नव्हतं. मी दोनदा विचारलं त्याला, ही खूण ठेवू का? म्हणाला, काहीच राहू देऊ नका.’

‘कोण म्हणाला? ताईंचा भाऊ?’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ‘तेच तर माहीत नाही ना. मी ड्रमकडे बघत होतो.’

ड्रम नेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांनी रस्त्यातल्या दिव्याच्या खांबावर एक नोटीस पाहिली. एका तरुणाचा फोटो, उंची, वय, आणि खाली ओळ: सोबत तांबडा ड्रम, बिल्ल्यावर शिडीची खूण. फोटोतला चेहरा त्यांना ओळखीचा वाटला नाही. अनोळखीही वाटला नाही. शिडी हा शब्द वाचला आणि ते खांबाशीच उभे राहिले. ड्रम घेऊन आला तो हाच मुलगा होता, की या मुलाचं काही बरंवाईट करून ड्रम लांबवणारा दुसराच कोणी? आणि दुसरा असेल, तर पुरावा घासून टाकणारे हात कोणाचे? पोलीस विचारणार, कसा दिसत होता? काय सांगणार? पैसे घेतले, खूण घालवली, आणि तोंड बघितलं नाही म्हणता? कोण विश्वास ठेवील?

‘पाचावर धारण बसली माझी,’ बाबा म्हणाले. ‘घरी आलो. तुझ्या सासूलासुद्धा सांगितलं नाही. नोटीस दर वर्षी लागायची. मी तो रस्ताच सोडला. आणि त्यानंतर एकही बिल्ला घासला नाही.’

म्हणजे ते कुलूप ओढून बघणं, ते फोनला दचकणं, ती पाटी! अठरा वर्षं हा माणूस रोज आपल्याला कोणीतरी न्यायला येईल म्हणून वाट बघत जगत होता, आणि आम्ही टोपी घालून त्याची थट्टा करत होतो. मला लाज वाटली. आणि मग तीच भीती मलाही चिकटली. दारावर सावली पडली तरी मी वही मिटायला लागले.

शुक्रवारी सकाळपासून मी त्यांच्या मागं लागले. ‘बाबा, बिल्ला पूर्ण घासू या. शिडी निघणार नाही. ताई सुखानं घरी जातील. आपण खोटं कुठे बोलतोय? बिल्ल्यावर शिडी नाही, हे खरंच आहे की.’

त्यांच्या मनात ते माझ्या आधीच येऊन गेलेलं असणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मग ते म्हणाले, ‘आणि उद्यापासून ती पुन्हा मोडीच्या दुकानांतून फिरणार. ड्रम तर इथे आहे.’

‘मग सांगणार काय? ताई, तुमची शिडी तुमच्या भावानं पुसायला लावली? की त्याला कोणी मारलं आणि मी चोराला मदत केली?’ माझा आवाज चढला होता. ‘दोन्हींतलं कोणतं सांगणार?’

‘माहीत नाही,’ बाबा म्हणाले. ‘पण उद्या शनिवार आहे.’

शनिवारी ताई अकराला आल्या. पांढरा कोट नव्हता, इस्त्रीचे कपडे होते. कसल्याशा निकालाला आल्यासारख्या. त्यांनी बिल्ला बघितला. सगळा काळा, कडेला नखाएवढा पिवळा.

‘घासला नाहीत?’

बाबा उभे राहिले. मी भिंतीशी होते, वही छातीशी धरून. मला वाटलं, यांची बोबडी वळणार आणि सगळं मलाच निस्तरावं लागणार. पण ते बोलायला लागले. ड्रमकडे बघत, हळूहळू, पण थांबले नाहीत. म्हणाले, ‘ड्रम तुमच्या भावाचाच आहे. बिल्ल्यावर शिडी होती. तो घरातून गेला, त्यानंतर आठ महिन्यांनी हा इथे आला होता. बिल्ला मी घासला. आत माझा नंबर आहे. नंतर खांबावरची तुमची नोटीस वाचली. आणि भीतीनं गप्प बसलो.’

ताईंनी टेबलाची कड धरली. ‘अठरा वर्षं?’ त्या म्हणाल्या. ‘मी दर वर्षी नवी नोटीस लावत होते. स्वतः शिडीवर चढून. तुम्ही आठ पावलांवरून गेला असाल माझ्या.’

‘हो.’

‘तेव्हाच सांगितलं असतंत तर सापडला असता तो.’

‘हो,’ बाबा पुन्हा म्हणाले. त्यांनी एकही सबब पुढे केली नाही. आता या पोलिसांना फोन करणार, असं मला वाटलं.

पण ताईंनी वेगळंच विचारलं. ‘म्हणजे तो तेव्हा होता. इथे, या टेबलाशी उभा होता. तुम्ही बघितलंत ना त्याला? कसा दिसत होता?’

आता संपलं, मी मनात म्हटलं. बघितलंच नाही, हे आता त्यांना सांगावं लागणार.

बाबांनी मान वर केली. ताईंच्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्या दुकानात आहे, पण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. ते नीट, सावकाश बघत राहिले, एखादा जुना ड्रम हातात आल्यावर बघतात तसे.

‘हनुवटी तुमच्यासारखीच,’ ते म्हणाले. ‘भुवयाही. डावी जराशी वर. बोलताना अशीच मान कलती करायचा.’

ताईंनी तोंडावर हात दाबला. ‘लहानपणापासून,’ त्या म्हणाल्या. ‘खंगलेला होता का?’

‘नाही. तब्येत बरी होती. जरा दमलेला वाटला.’

‘आणि शिडी?’ त्यांचा आवाज बदलला. ‘खरं सांगा मला. ती त्यानंच पुसायला सांगितली का? माझ्यावरच्या रागानं?’

वही माझ्या हातात होती. पान कोणतं, ओळ कोणती, मला पाठ होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ताईंवरची नजरही काढली नाही.

‘नाही हो. त्यानं नुसता बिल्ला चमकवायला सांगितला होता. हात जरा जास्त चालला माझा आणि शिडी गेली. फार वाईट वाटलं त्याला. बराच वेळ अंगठ्यानं ती जागा चाचपत उभा होता.’

ताई रडल्या. पाणी देऊ का विचारलं, नको म्हणाल्या. बिल्ला आता आहे तसाच राहू द्या, म्हणाल्या. ड्रम पिशवीत घातला, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. ‘तुम्हाला माफ करता येईल असं वाटत नाही मला,’ त्या म्हणाल्या. ‘पण मी परत येईन. आणखी काही आठवलं तर सांगा. तो काय बोलला, अंगात काय होतं, काहीही.’

‘या,’ बाबा म्हणाले. ‘जपून जा.’

त्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत ते दारात उभे होते. मग आत येऊन स्टुलावर बसले, ते एकदम म्हातारे दिसायला लागले. हात मांडीखाली दाबून धरले होते. मी वही फळीवर ठेवली, इतर वह्यांच्या मागं, खोल. तरी ती तिथे आहे हे मला दिसत होतं, आणि आता कायम दिसत राहणार होतं.

‘बाबा, चहा टाकू?’ मी विचारलं.

त्यांनी ऐकलंच नाही. ताई जिथे उभ्या होत्या त्या जागेकडे बघत होते.

‘तशीच असेल ना ग त्याची हनुवटी?’ ते म्हणाले. ‘भाऊच होता ना तो?’

मी चहा टाकायला आत गेले.